मी बाहेरच बसलेय

५ मार्च

प्रिय टाचणी,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ही बातमी तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलीस. तिथपर्यंत पोचायला मला लाँड्रीतल्या नव्या इस्त्रीचं कौतुक अख्खं पानभर वाचावं लागलं. इस्त्री छान आहे. आता डोळ्यांचं बोल.

डॉक्टरीणबाई म्हणतात लवकर करून घ्या, आणि तू म्हणतेस, बघू. कशाने बघणार आहेस? आयुष्यभर तू लोकांच्या कपड्यांना पडलेली भोकं अशी रफू केलीस, की भोक नेमकं कुठे होतं हे त्यांनाही परत सापडलं नाही. रफूवालीचे डोळे गेले तर तिने करायचं काय? लाँड्रीवाले स्वभावाने भले आहेत, पण तुला काउंटरवर शोभेला मांडून ठेवणार नाहीत.

तू घाबरली आहेस. नाही म्हणू नकोस. तुझ्या दादाने तुझं नाव टाचणी ठेवलं ते टोकामुळे, पण टाचणीला डोकंही असतं, ते वापर. पेत्राची गोष्ट आठव. होडीतून उतरला आणि पाण्यावर चालायला लागला. प्रभूकडे बघत होता तोवर चालला. लाटांकडे बघितलं आणि बुडायला लागला. तेव्हा तू लाटांकडे बघू नकोस. विश्वास असला की भीतीला जागाच राहत नाही. चर्चमधल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आल्यापासून भीतीवरची सगळी पुस्तकं मी वाचून काढली आहेत. त्यामुळे या विषयात माझ्याशी वाद घालायचा नाही.

सोबत तुझ्या दादाचा चॉकलेटी कोट पाठवतेय. उजव्या कोपराला कसर लागली. कसर खाते हे शास्त्रात सांगितलेलं आहे, तरी मी आपल्या डांबरगोळ्या ठेवत बसले. हे गेल्यापासून तीन वर्षं तो खुंटीला तसाच आहे. घरातून निघताना मी त्याला सांगून निघते, त्यामुळे त्याला भोक पडलेलं मला बघवत नाही. पण घाई नाही. आधी ऑपरेशन कर. नव्या डोळ्यांचं पहिलं काम म्हणून हे राहू दे.

आणि फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी 'आधी तू रड, नाही, आधी तू' करत बसतो आणि बोलायचं राहूनच जातं.

तुझी वहिनी

१३ मार्च

प्रिय वहिनी,

पेत्राची गोष्ट तू निम्मीच सांगितलीस. तो बुडायला लागला, मग ओरडला, आणि प्रभूने आधी त्याचा हात धरला. का घाबरलास, हे मागाहून. तू हात धरायचं सोडून थेट बोलण्यावरच आलीस. शिवाय मला पोहता येत नाही.

आणि घाबरलंय कोण? थंडी संपली. लोकांनी लोकरीचे कपडे धुवायला काढलेत. माझ्या स्टुलाभोवती ढीग लागलाय. उसंत मिळाली की करीन.

बरं, खरं सांगते. तुला नाही तर कुणाला सांगू? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, अगदी किरकोळ ऑपरेशन आहे." बस्स. मी पर्स उचलली आणि घरी आले. दादाचं हर्नियाचं ऑपरेशनही किरकोळच होतं. स्वतःच्या पायांनी चालत गेला. जाताना नर्सला विचारत होता, तुमची ही लिफ्ट अशी कण्हते का, तेलपाणी कुणाकडे आहे? आणि मग आलाच नाही. तेव्हापासून कुणी किरकोळ म्हटलं की मी पर्स उचलते.

एक अट आहे माझी. तू ये आणि बाहेर बस.

दादा कसा काम करायचा, आठवतं ना? लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाकीचे मेकॅनिक आधी हत्यारांची पेटी उघडायचे. हा आधी दाराशी फतकल मारून बसायचा. फटीला तोंड लावून सांगायचा, "मी बाहेरच बसलोय." मग पेटी. इमारतीतले लोक ओरडायचे, अहो, बसताय काय, दार उघडा! हा म्हणायचा, "दार उघडेलच. आत बसलेल्याला आधी हे कळू दे." एकदा मीच अडकले होते. घंटीचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. दादा आला, बसला, आणि फटीतून एकेक बिस्किट आत सरकवत राहिला. मोटर केव्हा चालू झाली ते मला कळलंही नाही. मी बिस्किटं खात होते.

तशी तू बस. बिस्किटं नकोत. तू बसणार असशील तर मी तारीख घेते. नाहीतर माझे डोळे मला पुरेसे आहेत.

कोट पोचला. अक्षर असं आलंय कारण पेन संपत आलंय.

तुझी टाचणी

२१ मार्च

प्रिय टाचणी,

आज उपदेश नाही. आज प्लंबर आलाय.

स्वयंपाकघरातला नळ फुटला. प्लंबर ओट्याखाली शिरलाय, त्याचे फक्त पाय दिसतायत, आणि तो तिथून मला जगाचं राजकारण समजावून सांगतोय. तिकडे चर्चमधल्या कपाटाला वाळवी लागली. नेमकं धीर धरण्यावरचं पुस्तक मधोमध खाल्लं. सुरुवात आहे, शेवट आहे, धीर तेवढा नाही. पाळकसाहेब म्हणतात, बाई, तुम्हीच बघा, पुस्तकांतलं आम्हाला काय कळतं! म्हणजे एकेक पुस्तक काढा, झटका, उन्हात ठेवा, परत लावा.

त्यामुळे येण्याचं म्हणशील तर जमेलसं दिसत नाही. गुडघेही कुरकुरतात. बसचा प्रवास काही कमी नाही. तू लाँड्रीवाल्यांच्या बायकोला घेऊन जा. ती गप्पिष्ट आहे, तुझा वेळ जाईल. प्रार्थना मी इथून करीन. प्रार्थनेला बसमध्ये जागा धरावी लागत नाही.

दोन गोष्टी कळव. एक, तुझ्या चष्म्याची काडी बसवून घेतलीस का? दोन, तो जाडा पिवळा स्वेटर मी तुझ्याकडे विसरले का?

कोटाला हात लावू नकोस. डोळे झाल्यावर.

तुझी वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून इतकं बरं वाटलं, की काय सांगू! दानीएलाचा दाखला तर चपखल दिलास. सिंह होते, गुहा होती, तरी माणूस सकाळी धडधाकट बाहेर आला. मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. तुझ्यासारखं लिहायला जमलं पाहिजे बाई. शाळा चौथीत सुटली असं सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

आणि तू येतेस म्हणालीस, तिथे तर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच दिवशी गेले आणि तारीख घेऊन आले. सतरा एप्रिल, सकाळी. आधी उजवा डोळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मागच्यासारखं पळून जाऊ नका. मी म्हटलं, आता माझी वहिनी दाराशी बसणार आहे, पळाले तरी तिच्यावरून उडी मारून पळावं लागेल.

कोट पाठवतेय. नव्या डोळ्यांची वाट कशाला बघू? दोरा असा जुळलाय, की खुद्द दादाला भोक शोधून दाखव म्हटलं तर सापडायचं नाही.

तुझ्या सगळ्या सूचना लक्षात ठेवल्या आहेत.

तुझी टाचणी

७ एप्रिल

(जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, जाड काळ्या मार्करने)

टाचणी,
येते.
सोळाला संध्याकाळच्या बसने.
सोबतचा बारीक अक्षराचा कागद नंतर वाच. पट्टी निघाल्यावर.
वहिनी

(सोबतचा कागद)

टाचणी, हा कागद तुला आत्ता वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच मी तो लिहू शकतेय.

मी दानीएलाचं अक्षरही लिहिलं नव्हतं. मी प्लंबरचे पाय लिहिले होते, वाळवी लिहिली होती, पिवळा स्वेटर लिहिला होता. तुझं उत्तर आलं तेव्हा मी चहा पीत होते. तो नाकातून बाहेर आला. इतकी हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. बाई माझी पत्र न वाचताच उत्तर देते! बरं, देते तेही इतकं मनापासून!

मग मी कोटाचं पुडकं उघडलं.

वीण काय सुरेख आहे गं! डोळे मिटून कोपरावरून हात फिरवला, तर तू हात लावला आहेस हेसुद्धा कळत नाही. आणि डोळे उघडले, तर लालभडक. चॉकलेटी कोटावर टोमॅटोएवढा लाल गोल. गल्लीच्या टोकावरून दिसेल. तू म्हणजे दोन काळ्या दोऱ्यांतला फरक सांगणारी बाई. ह्यांच्या बाहीचं बटण मी एकदा वेगळ्या काळ्या दोऱ्याने लावलं, तर जेवता जेवता तू घास खाली ठेवला होतास.

मग मला हसू आलं नाही.

आणि मी लिहिलं काय होतं? जमेलसं दिसत नाही. तू ते 'येते' असं वाचलंस. वाचलंस कुठे, तू ते धरूनच चाललीस. आणि त्या भरवशावर जाऊन तारीख घेऊन आलीस. मी कॅलेंडर उलटं केलं, मार्कर घेतला. 'येत नाही' लिहायला भरपूर जागा होती. 'ये' एवढंच लिहिलं आणि मार्कर सुकेपर्यंत बसून राहिले. मग नवा आणायला दुकानात जावं लागलं.

नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला होता, टाचणी. गुडघेही बरे आहेत. मला दवाखान्यातल्या बाकावर बसता येत नाही, एवढंच आहे.

हे आत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एक रहस्यकथा वाचत होते. शेवटची थोडी पानं राहिली होती. खुनी माळी असावा असा माझा संशय होता. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी काही बोलायच्या आधी डोक्यावरची टोपी काढली. मी पानात बसचं तिकीट घातलं आणि पुस्तक मिटलं. ते तिकीट अजून तिथेच आहे. त्या दवाखान्यासमोर बस थांबते म्हणून मी एक थांबा आधीच उतरते आणि बाकीचं चालत जाते. लोकांना वाटतं, बाई या वयातही व्यायाम करते.

तुला लाटांकडे बघू नकोस म्हणून सांगणारी मी स्वतः काठावर बसून होते. चपलासुद्धा न काढता.

काल पुन्हा वाचत बसले. पकडून नेलं त्या रात्री बागेत प्रभूला भीती वाटली, तो भाग. कितीदा वाचलाय, पण दर वेळी भराभर, कारण पुढचं माहीत असतं. काल सावकाश वाचला. घाम फुटेपर्यंत भीती वाटली त्याला. हे टळलं तर बरं, असंही म्हणाला. आणि मित्रांकडे काय मागितलं? उपदेश नाही मागितला. जवळ बसा, जागे राहा, एवढंच. त्या शहाण्यांना तेवढंही जमलं नाही, झोपले. मी आजवर त्यांना मनातल्या मनात खूप नावं ठेवली आहेत. निदान ते बागेपर्यंत तरी गेले होते.

विश्वास असला की भीतीला जागा राहत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते वाक्य खोड. तुझ्या हातानेच खोड, जाड रेघेने. त्याच्याजवळ दोन्ही होतं आणि दोन्ही घेऊनच तो उठला. मी भीती जायची वाट बघत राहिले तर तुझा मोतीबिंदू दगड होईल. तेव्हा भीतीला घेऊन येते. बसमध्ये तिला मांडीवर बसवीन.

तिकीट घातलेलं ते पुस्तकही घेतलंय.

वहिनी

११ एप्रिल

(लाँड्रीत कपड्यांवर खुणा करायच्या मार्करने)

वहिनी,

केवढं ते अक्षर! मी काय आंधळी आहे?

बरं, आहे. कळलंच असेल तुला. बारीक कागद उशीखाली ठेवलाय. वाचला नाही. वाचायचा प्रयत्न केला, पण मुंग्यांची रांग गेल्यासारखं दिसलं, म्हणून सोडला. तुझी पत्रं कधीपासून मी निम्मी अंदाजानेच वाचतेय, मागचं तर सगळंच. तू नेहमी एकच लिहितेस त्यामुळे निभावून गेलं. खरं सांग, मागच्या पत्रात दानीएल होता ना? नसेल तर माशाच्या पोटातला योना असेल. कुठला तरी प्राणी होता, एवढं नक्की.

कुणाकडून वाचून घेतलं असतं, पण मग लाँड्रीवाल्यांच्या कानावर गेलं असतं. त्यांना कळलं की माझ्या स्टुलावर उद्या दुसरी बाई. खिडकीजवळचं स्टूल आहे ते, मी सोडणार नाही.

वहिनी, एक सांगू? मला डोळ्यांची भीती नाही. मी आत गेले की दार लागेल आणि मग उघडणारच नाही, असं वाटतं. प्रार्थनेला बसते तर शब्द सापडत नाहीत. तुझ्यासारखं मोठं मोठं येत नाही मला. 'प्रभू, घंटी दाबतेय' एवढंच म्हणते आणि बसून राहते. याला प्रार्थना म्हणतात का, तुझ्या कपाटात बघ.

कोट घालून ये. इथे सकाळी गार असतं. रंग जुळलाय ना?

टाचणी

२६ एप्रिल

प्रिय वहिनी,

अक्षर बघ! ओळीत आहे की नाही? हे मी साध्या पेनने लिहितेय. आणि पेन संपत आलेलं नाही.

तू गेल्यावर मी घर नीट बघितलं. इतकी वर्षं मी स्वतःला टापटीप समजत होते. खिडकीत कोळ्यांचं अख्खं खानदान नांदत होतं. आरशातही बघितलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तूही बोलायचं नाहीस.

आता आतली हकिकत ऐक. तिथे तुला सांगितली नाही, कारण नर्स हसत होती आणि तू चिडली असतीस.

मला आडवं केलं, तोंडावर कापड टाकलं, एक डोळा तेवढा उघडा. जागंच असतं गं माणूस! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलू नका." मी हलत नव्हते, पण छाती अशी धडधडत होती, की टेबलच हलत असेल. दार लागल्याचा आवाज मी ऐकला होता. मनात म्हटलं, संपलं, दादा गेला तसेच आपण. घंटी दाबली. प्रभू, घंटी दाबतेय. काही नाही. पुन्हा दाबली. पुन्हा काही नाही. नुसतं यंत्र गुणगुणतंय.

आणि मग दाराबाहेरून घोरणं ऐकू आलं.

आधी हळू. मग चांगलं रंगात आलं. डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला. "बाहेर काय चालू केलंय? पंप?"

मी म्हटलं, "नाही, माझी वहिनी आहे. प्रार्थना करतेय."

नर्सच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हलू नका सांगितलं होतं, आता हसूही नका." आणि वहिनी, माझी छाती शांत झाली. अशी शांत, की मी तुझ्या घोरण्याला ठेका धरला मनातल्या मनात. तू श्वास आत ओढलास की मी म्हणायचे, आहे. सोडलास की म्हणायचे, बसलीय.

वादळात प्रभू होडीत उशीला डोकं लावून झोपला होता ना? शिष्य किती चिडले होते. मला नेहमी वाटायचं, चिडणारच, माणसं बुडतायत आणि हा झोपलाय. त्या टेबलावर मला पहिल्यांदा कळलं, झोपलेला का असेना, होडीत होता. काठावर उभं राहून हाका मारत नव्हता. त्यांच्याच होडीत, त्यांच्याच लाटांवर, ओल्या कपड्यांनी.

आदल्या रात्री तुझा डोळा लागला नव्हता, हे मला माहीत आहे. कॉट करकरते माझी. म्हणून घोरलीस त्याचा मला राग नाही.

राग आहे तो कोटाचा! दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, मी डोळा उघडला, आणि या डोळ्याने जगात पहिलं काय बघितलं? तुझं कोपर! लाल! मी किंचाळले तेव्हा डॉक्टरीणबाईंना वाटलं, डोळ्याचं काही बिनसलं. तू तो घालून बसमधून आलीस? लोकांच्या समोर? रफूवालीची वहिनी म्हणून? मी तिथल्या तिथे उसवायला हात पुढे केला, तर तू वरपर्यंत बटणं लावून घेतलीस.

लाँड्रीवाल्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मावशी, आम्हाला थंडीतच कळलं होतं. म्हणून तर तुमच्याकडे सगळे पांढरे कपडे देत होतो." आणि मला वाटत होतं, यंदा लोकांना पांढऱ्याचं काय वेड लागलंय! रंगीत काहीच मिळेना, म्हणून दादाच्या कोटाला हात घातला होता. स्टूल माझंच आहे.

आता पत्रांचं. एकेक काढून वाचली, उन्हात बसून. एकवीस मार्चचं वाचलं. जमेलसं दिसत नाही! प्लंबर! आणि मी दानीएल म्हणून डोळे पुसत होते! तरी प्राणी होता म्हटलं ते खोटं नव्हतं. वाळवी होती. (पिवळा स्वेटर माझ्याकडेच आहे. आता स्वच्छ दिसतोय.) चहा संपेपर्यंत मी तुझ्यावर चिडलेली होते. मग उशीखालचा बारीक कागद वाचला.

त्यावर मी इथे काही लिहीत नाही. तुला फोन केला होता तेवढा पुरे. आधी कोण रडलं, तेही लिहीत नाही. ते वाक्य मात्र खोडलंय. जाड रेघेने.

एक राहिलं. तुझं पुस्तक माझ्या पिशवीत आलंय. तिकीट होतं त्याच पानात आहे, म्हणजे तू उघडून पुढे एक ओळही न वाचता त्यावर झोपलीस. मी काल वाचून काढलं, एका डोळ्याने, दिवे लागायच्या आत. खुनी कोण ते मला कळलं. सांगणार नाही. डावा डोळा मे महिन्याच्या शेवटी आहे.

तुझी टाचणी

३० एप्रिल

प्रिय टाचणी,

मी घोरत नाही. तुझ्या दादाने इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नाही. अर्थात ते दिवसभर लिफ्टच्या मोटरी ऐकत असत, त्यांना माझं काही वाटलं नसेल. तुझ्या दवाखान्याचा पंपच असणार.

कोट उसवायचा नाही. हे शेवटचं सांगते. आता तो खुंटीवर असतो तेव्हा दारातूनही त्याचं कोपर दिसतं. पूर्वी मी त्याला सांगून निघायचे, आता घालूनच निघते. परवा चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "बाई, बाहीला काय लागलंय?" मी म्हटलं, "नणंद."

टाचणी, तू बरी झालीस म्हणून माझं सगळं बरं झालं, असं काही नाही. हे आता या कोटात परत यायचे नाहीत, हे मला रोज सकाळी नव्याने कळतं. चहाचे दोन कप काढते आणि एक परत ठेवते. ते आहे तसंच आहे. पण काल बस ह्यांच्या त्या दवाखान्यासमोर थांबली, तेव्हा मी आधीच्या थांब्यावर उतरले नव्हते. तिथेच उतरले. लिफ्ट अजून कण्हते, रस्त्यावरून ऐकू येतं. तेलपाणी कुणाकडे आहे, देवाला माहीत.

तू विचारलं होतंस, घंटी दाबण्याला प्रार्थना म्हणतात का, कपाटात बघ. बघितलं. वाळवीने ठेवलेल्या सगळ्या पुस्तकांत बघितलं. म्हणतात. बहुतेक पुस्तकांत तेच आहे, फक्त पानं जास्त लागली आहेत.

मेच्या शेवटी येते. कपाट, नळ, गुडघे यांपैकी कशाचंही नाव काढणार नाही. पुस्तक तयार ठेव, तिकीट त्याच पानात राहू दे. आणि खुनी कोण ते तोंडातून निघालं तर याद राख. माझा अजून माळ्यावरच संशय आहे. ती पानं मला आता वाचायची आहेत, तुझ्या दवाखान्यातल्या त्याच बाकावर बसून, जागेपणी.

भीती वाटलीच तर वाटू दे तुला, मला विचारायला येऊ नकोस. घंटी दाब. आणि या वेळी बाहेरून काहीच ऐकू आलं नाही, अगदी चिडीचूप असलं, तरी दार बंद झालं असं समजू नकोस. मी बाहेरच बसलेली असेन. शेवटचं पान वाचत असेन.

तुझी वहिनी